शिळं न देणाऱ्या काकू

फुलबाईवर अन्याय झाला. तिच्यासोबत ठेक्यावर राबणाऱ्या, रेल्वेलाइनीपलीकडच्या टिनाच्या झोपड्यांत राहणाऱ्या सगळ्यांवर झाला. २०२० च्या एप्रिलमध्ये, पहिल्या टाळेबंदीत. रेशन दुकानदार म्हणाला, कार्ड गावचं आहे, गावी जा. नाक्यावरचा पोलीस म्हणाला, गाव विसरा, आहात तिथंच राहा. कार्ड अहिवाऱ्याच्या पलीकडच्या गावात आणि पोट इथं, छत्तीसगडातल्या भिलाईत. याला गैरसोय म्हणणाऱ्यांशी माझं आजही भांडण आहे. गेल्या महिन्यात सकाळी फुलबाईचाच फोन आला, "बेटी, काकी नइ रहिस..." काकू गेल्या, आणि मला आधी आठवलं ते तिचं नि चंद्रकलाकाकूंचं भांडण.

काकू आमच्या शेजारच्या क्वार्टरमधल्या. काका पोलाद कारखान्याच्या रेल मिलमधून रिटायर झालेले, दोघं तरुणपणी भंडाऱ्याकडून आलेले. टाळेबंदीत आमच्या सेक्टरातल्या बुद्धविहाराच्या अंगणात पहिली चूल मांडली ती काकूंनी. आम्ही पोरंपोरी तोवर मागण्यांची पत्रकं लिहीत होतो. काकू ती चष्मा लावून वाचायच्या आणि म्हणायच्या, "कावून वं, एवढं तिखट? मीठबी टाकत जाय थोडं." खिचडी मात्र त्यांची एक नंबर, आणि त्यांचा नियम एकच : वाढायचं ते गरम. त्यांच्या आईनं गावात दारोदार जाऊन शिळंपाकं आणलं होतं, वरून पदरात टाकलेलं. तेव्हाच काकूंनी ठरवलं होतं, आपल्या हातून कोणाला शिळं जाणार नाही. भात उरला तर दुसऱ्या दिवशी त्या स्वतः खायच्या, पण रांगेतल्याला द्यायच्या नाहीत.

आणि एका दुपारी फुलबाईनं देगची पुढं करून नेमकं तेच मागितलं. कालचा भात, पाण्यात भिजवलेला. बासी.

काकूंचा हात थांबला. "शिळं मांगू नोको, बाई. माह्या मायनं लय खाल्लं." त्यांना वाटलं, भुकेनं हिची लाजच संपली. फुलबाई भडकली. या उन्हात, तापलेल्या टिनाखाली गरम खिचडी खाऊन पोटात आग पडते, तिनं सुनावलं; संध्याकाळी रांधायचं, पाण्यात ठेवायचं, सकाळी कांदामिठासोबत खायचं, आजे-पणजे हेच खाऊन शेतात गेले. मग शांतपणे म्हणाली, "बासी हमर खाना आय, काकी. जूठन नोहय." आमचं जेवण आहे, उष्टं नाही.

काकू डाव ठेवून पायरीवर बसल्या. मागं रांग ताटकळलेली... कोणीतरी म्हणालं, घ्या ना बाई, मिळतं ते घ्या. काकूंनी त्याच्याकडं असं पाहिलं की तो मागं सरकला. मग उठल्या. "रांधलेलं शिळं तं मी देनारच नाही. तांदूळ देतो. तुह्या हातानं रांध, तुह्या हातानं भिजव."

त्या दिवशी आमच्या पत्रकातली मागणी बदलली. शिजवलेल्या जेवणाची पाकिटं नकोत, धान्य द्या. माणूस राहतो तिथं द्या. काकूंनी सेक्टरात घरोघर जाऊन सांगितलं, भात टाकण्याआधी एक मूठ बाजूला काढा. एका घरून कणी आली ती परत केली. "तुमी खाता का हे? मंग तिले कावून?" पण मुठीमुठीनं वस्ती किती दिवस जगणार, हेही त्यांना कळत होतं. म्हणून एका सकाळी त्या फुलबाईला घेऊन रेशन दुकानात गेल्या. दुकानापुढं खडूची वर्तुळं होती, माणसांनी अंतर ठेवावं म्हणून. काकूंचा नंबर लागला, धान्य मिळालं, पण त्या वर्तुळातून हलेनात. "माह्या मागं हिचा नंबर आहे. हिले मिळाल्याबिगर मी हालत नाही." दुकानदार ओरडला, मग विनवायला लागला. मागचे लोकही आपापल्या वर्तुळात उभे राहिले, एकही निघाला नाही. ऊन चढलं, दुकानदारानं वर फोन लावला. गावच्या कार्डावर फुलबाईला इथं तांदूळ मिळाला, आणि मग वस्तीला मिळत गेला. परत येताना काकू हसत होत्या; म्हणाल्या, रिटायर तुझा काका झाला, मी कुठं झाली?

पुढं दर उन्हाळ्यात फुलबाई बासी घेऊन यायची. पहिल्यांदा काकूंनी डोळे मिटून घास घेतला. दुसऱ्यांदा कांदा जास्त मागितला. मी त्यांना शेवटचं पाहिलं तेव्हाही समोर बासीचाच वाडगा होता, आणि वरून मला टोमणा, तुह्या पोटात तं पत्रकंच असतीन.

त्यांच्या ओट्यावर मुठीच्या तांदळाचा तो पितळी डबा अजून आहे. सून रोज त्यात मूठ टाकते. मी परवा उघडून पाहिला, भरत आला होता. बरं वाटलं. पण काकूंना डबा पुरेसा वाटला नव्हता, मलाही वाटत नाही.

तर वाचक हो, पेपर बाजूला ठेवा. तुमच्या घराच्या विटा ज्यांनी वाहिल्या, तुमच्याकडं जी भांडी घासते, त्यांना विचारा, कार्ड कुठलं, धान्य कुठं मिळतं. मिळत नसेल तर त्यांच्यासोबत दुकानात जा. रांगेत त्यांच्या पुढं उभे राहा, आपला नंबर लागू द्या, आणि मग हलू नका.