सिंकखालची फळी

ग्लेनिस ब्रॉडबेंटला फसवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. इंग्लंडमधल्या बार्न्सलीच्या बाजारातला खाटीक तिचं मटण तोलताना दोन्ही हात वर धरून उभा राहायचा, इतकी तिची दहशत. मीटर वाचायला आलेल्या माणसाकडे ती आधी ओळखपत्र मागायची, आणि मग फोटोतला माणूस जास्त जाड कसा, हेही विचारायची. चर्चच्या जत्रेत सोडतीचं बक्षीस पाद्रीबुवांच्या मेहुणीला लागलं, तेव्हा तिने सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर ओतायला लावल्या होत्या. चौऱ्याहत्तर वर्षांत एकाच माणसाचा शब्द तिने कधी तपासून घेतला नाही. तो म्हणजे तिचा नवरा ट्रेव्हर.

ट्रेव्हर खाणीत होता. खाण बंद पडली तसा तो शर्यतीच्या कबुतरांत रमला. मागच्या अंगणात त्याने लाकडी कबुतरखाना उभारला आणि थंडीत पिल्लं गारठू नयेत म्हणून त्यात दिवा आणि छोटा हीटर बसवला. त्यासाठी वायर स्वतःच स्वयंपाकघरातून ओढली, आणि तिचा जोड सिंकखालच्या कपाटात, मागच्या फळीआड लपवला. घरमालकाला विचारायच्या भानगडीत तो पडला नाही. "झकास झालंय बघ," एवढंच म्हणाला, आणि ग्लेनिस ते झकास धरून चालली.

त्याला जाऊन चार वर्षं झाली. कबुतरं विकली, पण ग्लेनिस रोज संध्याकाळी हीटर लावून त्या कबुतरखान्यात त्याच्या स्टुलावर बसायची, शब्दकोडं सोडवायची. ट्रेव्हरची म्हणावी अशी तेवढीच ऊब तिला उरली होती.

आणि मग घरमालक लम्बसाहेबांचं पत्र आलं. नवा कायदा झालाय, भाड्याच्या प्रत्येक घराची वायरिंग तपासून दाखला घ्यावा लागेल, मंगळवारी माणूस येईल. ग्लेनिसने पत्र दोनदा वाचलं. येणारा फळी काढणार, ट्रेव्हरची वायर बघणार आणि कबुतरखाना अंधारात जाणार. सोमवारी तिने सिंकखालचं कपाट बटाट्यांचं पोतं, बादल्या आणि जुन्या बुटांनी ठासून भरलं, कपाटाच्या दाराला कुलूप ठोकलं आणि किल्ली गळ्यात घातली.

आलेल्या माणसाचं नाव क्रेग. तिने सरबराई म्हणून चहा दिला. खरं तर तो एका जागी बसावा, एवढाच हेतू. तो बसला, चार बिस्किटं खाल्ली, जिन्याखालच्या फ्यूजपेटीचा फोटो काढला आणि पेटीवर तपासणी झाल्याचं लेबल डकवलं.

"झालं?" ग्लेनिसने विचारलं.

"झालं की. मस्त आहे तुमचं घर."

"स्वयंपाकघर बघायचं नाही?"

"बघितलं ना इथूनच!" क्रेग हसला आणि गेला. बावीस मिनिटं. तिने घड्याळ लावलं होतं.

आठवड्याने चौदा पानांचा दाखला आला. घर सुरक्षित. ग्लेनिसचा जीव भांड्यात पडला. त्या संध्याकाळी ती कबुतरखान्यात बसून ट्रेव्हरला म्हणाली, "सुटलो रे बाबा आपण." पण स्वभाव तो स्वभाव. झोपण्याआधी तिने चष्मा लावून चौदाही पानं वाचली. सातव्या पानावर लिहिलं होतं की मुख्य स्विच बंद करून प्रत्येक वायरची चाचणी घेतली. पुढे आकड्यांची रांगच रांग.

मनात पाल चुकचुकली. मुख्य स्विच बंद केला? घरातली वीज पळभर जरी गेली, तरी तिच्या विजेच्या शेगडीवरचं घड्याळ शून्यावर येऊन लुकलुकत बसायचं. ते पुन्हा लावायला तिला अर्धा तास लागायचा आणि शिव्या लागायच्या त्या वेगळ्याच. मंगळवारी ते घड्याळ एकदाही लुकलुकलं नव्हतं. लफंग्याने आकडे घरी बसून लिहिले होते.

दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. खोटा का होईना, दाखला तिच्याच फायद्याचा होता. ग्लेनिसही दोन दिवस गप्प बसली. पण फ्यूजपेटी कुणी उघडली नाही, सॉकेट कुणी बघितलं नाही, मग घर सुरक्षित आहे असं म्हणालं तरी कोण? एकटा ट्रेव्हर. हा विचार मनात आला आणि तिची तिलाच लाज वाटली. तरी तिसऱ्या दिवशी तिने लम्बसाहेबांना फोन लावला.

"मिसेस ब्रॉडबेंट, पास झालंय ना घर? मग आता काय?"

"पास झालेलं नाही, पास केलंय. दुसरा माणूस पाठवा."

"पुन्हा तपासा म्हणणारी भाडेकरू मी पहिल्यांदाच बघतोय! काय शिजतंय तुमच्या डोक्यात?"

"पाठवताय, की कौन्सिलला फोन लावू?"

या वेळी जोअॅन आली. पन्नाशीची, गुडघ्यांना पॅड बांधलेली, फटकळ. चहाला नको म्हणाली, तेव्हाच ग्लेनिसला ती पटली. तिने घरभर अंधार करून पेटी उघडली, एकेक सॉकेट सोडवलं, आणि सिंकपाशी येऊन नाक मुरडलं.

"मासळीचा वास कधीपासून येतोय?"

"दोन वर्षं. कोपऱ्यावरच्या तळलेले मासे विकणाऱ्या चिप्सवाल्याचा आहे तो! शिळं तेल नाल्यात ओततो मेला. तीनदा तक्रार केलीय मी त्याची."

"चिप्सवाल्याचा नाही हो, बाई. जोड तापला की त्याचं प्लॅस्टिक असंच घाण मारतं. किल्ली आणा."

ग्लेनिसने गळ्यातली किल्ली काढली. बटाटे काढायला तिनेच हात लावला. जोअॅनने फळी ओढली आणि टॉर्च मारली. लाकूड हातभर काळं पडलं होतं, आणि मध्ये चिकटपट्टीने गुंडाळलेला, वितळून गोळा झालेला जोड होता.

"अगं आई गं! हे आजवर पेटलं कसं नाही? कुठल्या गाढवाने केलंय हे?"

"खबरदार!" ग्लेनिस कडाडली. मग तिने त्या काळ्या लाकडावर बोट फिरवलं आणि बोटाकडे बघत राहिली. "माझ्या नवऱ्याने."

जोअॅन ओशाळली. "मला तसं म्हणायचं नव्हतं. त्या काळी सगळेच करायचे असं. त्यांच्यावर रागावू नका."

"रागावले नाहीये गं पोरी. सगळ्या गावावर संशय घेतला मी. या एकावर घेतला नाही, म्हणून तर एवढी वर्षं संसार झाला."

"वायर आत्ताच कापावी लागेल. तिकडचा दिवा, हीटर, सगळं बंद."

"माहीत आहे मला," ग्लेनिस म्हणाली. "तू काप. टॉर्च मी धरते."