गाडी कधी काढायची

इथे आखातात मोटरसायकल थंडीसाठी नाही, उन्हाळ्यासाठी झाकून ठेवतात. मे महिना संपत आला की अल नहदातल्या आमच्या टॉवरच्या बेसमेंटमध्ये चार-पाच गाड्या कव्हरखाली जातात आणि ऑक्टोबरात एकेक कव्हर निघायला लागतं. गावाकडे हे सांगितलं की लोक हसतात. त्यांनी जुलैच्या दुपारी हेल्मेट घालून इथल्या एका सिग्नलला उभं राहून बघावं.

आमची गाडी त्या वर्षी एप्रिलातच झाकली गेली होती. मलीहा गावाच्या पुढे, डोंगराकडे जाताना एक राउंडअबाउट लागतो. त्यातून बाहेर पडताना वाऱ्याने आणलेली वाळू डांबरावर पसरली होती, ती दिसली नाही. नवरा चालवत होता, मी मागे बसले होते. मागचं चाक सरकलं. वेग फारसा नव्हता. नवरा बाजूला फेकला गेला, पण कोपर खरचटण्यापलीकडे त्याला काही झालं नाही. गाडी माझ्या पायावर पडली. घोटा मोडला, आत प्लेट बसवावी लागली. मी जबल अली बंदरातल्या एका लॉजिस्टिक्स कंपनीत कामाला आहे; बरेच दिवस मी पाय उशीवर ठेवून घरूनच कंटेनरची कामं करत होते. गाडी माझ्या पायाच्या आधी दुरुस्त होऊन घरी आली. नवऱ्याने तिच्यावर कव्हर घातलं आणि पूर्ण उन्हाळ्यात तो विषय निघाला नाही.

सप्टेंबर संपता संपता मीच विचारलं, "गाडी कधी काढायची?"

"अजून गरम आहे गं," तो म्हणाला.

खरंच होतं. पहाटेसुद्धा चष्म्यावर वाफ धरत होती. मग ऑक्टोबर लागला. सकाळी बाल्कनीत चहा घेऊन बसता येऊ लागलं. त्याच्या मोटरसायकलवाल्या ग्रुपमधले लोक सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाऊ लागले, फोनवर फोटो येऊ लागले. मी पुन्हा विचारलं तर म्हणाला, "बॅटरी बसलीय, चार्जिंगला लावतो." पुढच्या आठवड्यात टायर जुने वाटत होते. त्यानंतर टाकीतलं पेट्रोल पाच-सहा महिन्यांचं शिळं झालं होतं, ते काढायला हवं होतं. ते काढल्यावर मुल्किया, म्हणजे गाडीचं रजिस्ट्रेशन, रिन्यू करायचं राहिलं होतं. प्रत्येक कारण खरंच होतं, म्हणून माझ्या लक्षात यायला वेळ लागला.

आमची मुलगी अकरावीत आहे. जन्म इथलाच. आपण मराठीत काहीही विचारा, ती इंग्रजीत उत्तर देते. आमचं बोलणं ऐकून फ्रीज उघडता उघडता म्हणाली, "जस्ट सेल इट, आई. सीरियसली." आणि दार जरा जोरातच लावून खोलीत गेली.

एका संध्याकाळी नवरा बॅटरी बघायला म्हणून खाली गेला तो बराच वेळ वर आला नाही. फोन लागेना, बेसमेंटमध्ये रेंज नसते. मी लिफ्टने खाली गेले. कव्हर जमिनीवर पडलं होतं. तो गाडीवर बसला होता. हेल्मेट घातलेलं, ग्लोव्ह्ज घातलेले, दोन्ही हात हँडलवर. इंजिन बंद होतं. स्टँडही काढलेला नव्हता. समोर पार्किंगची भिंत, आणि हा तिच्याकडे बघत बसला होता.

मी हाक मारली नाही. खांबाआड उभी राहिले. बऱ्याच वेळाने त्याने हेल्मेट काढलं, तोंड पुसलं आणि खाली उतरला. मी त्याच्या आधी वर आले आणि कांदा चिरायला घेतला.

जेवताना म्हणाले, "शनिवारी सकाळी जाऊ. मीपण येते."

त्याचा घास हातातच राहिला. "तू? डोकं फिरलंय का तुझं? तुझा पाय..."

"पाय ठीक आहे. डॉक्टरांनी सोडलंय मला."

"मी एकटा आधी एक चक्कर मारून बघतो. मग तू..."

"तू एकटा जाणार नाहीस," मी म्हणाले. मला वाटलं होतं माझा आवाज ठाम निघेल, पण तो थोडा कापलाच. मलाही त्या गाडीवर बसायचं नव्हतं. पण तो रोज त्या भिंतीकडे बघत बसणार, हे मला त्याहून सहन होत नव्हतं.

शनिवारी उजाडताना निघालो. मुलगी झोपली होती. खाली त्याने टायरमधली हवा दोनदा तपासली, ब्रेक दाबून पाहिला, चेन हाताने फिरवून पाहिली. मी बसले तेव्हा घोट्यात कळ आली, ती मी गिळली. पूर्वी आमच्या हेल्मेटमध्ये इंटरकॉम होता, गप्पा मारत जायचो. एप्रिलात तो फुटला. त्यामुळे आता मला फक्त त्याची पाठ दिसत होती, आणि जॅकेटमधूनसुद्धा ती लाकडासारखी ताठ लागत होती.

शहरातून बाहेर पडेपर्यंत ठीक गेलं. हायवेला लागल्यावर तो उजवीकडच्या ट्रकांच्या लेनमध्येच राहिला. मागून ट्रक येई, अंगावर आल्यासारखा वाटे, हॉर्न देऊन डावीकडून निघून जाई, आणि त्याच्या वाऱ्याने गाडी हलकीशी ढकलली जाई. दर वेळी त्याचे खांदे वर जात. मी त्याच्या जॅकेटचा पट्टा इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली. दोन्ही बाजूंना वाळूचे उंचवटे सुरू झाले. वारा वाढला. मग समोर डांबरावरून वाळूच्या बारीक रेघा आडव्या धावताना दिसल्या, धुरासारख्या.

त्याने वेग कमी केला. अजून कमी केला. मागून कोणीतरी दिवे मारले. तो रस्त्याच्या कडेच्या मोकळ्या पट्टीवर, शोल्डरवर उतरला, थांबला आणि इंजिन बंद केलं.

"काय झालं?" मी ओरडून विचारलं.

तो उतरला नाही. दोन्ही पाय जमिनीवर रोवून तसाच बसून राहिला. मी कशीबशी उतरले, पुढे गेले आणि त्याच्या हेल्मेटची काच वर केली. चेहरा घामाने भिजलेला, श्वास लागलेला.

"मला नाही जमणार," तो म्हणाला. "पुढे नाही आणि मागेही नाही."

बाजूने ट्रक जातच होते. एकेक गेला की पायाखालची जमीन थरथरे. तिथे थांबणं किती धोक्याचं आहे हे आम्हा दोघांना माहीत होतं, आणि हलता येत नव्हतं. मी त्याचा हात धरून त्याला रेलिंगच्या पलीकडे न्यायला बघत होते, तेवढ्यात पोलिसांची गाडी मागे येऊन उभी राहिली. तरुण अधिकारी उतरला. आमच्याकडे, गाडीकडे, पुन्हा आमच्याकडे बघून त्याने आपल्या आखाती हिंदीत विचारलं, "क्या मुश्किल? मोटरसायकल खराब?"

मी म्हणाले, "नहीं. गाडी ठीक है. ये थोडा... डर गया."

मला वाटलं, आता दंड किंवा निदान ओरडा बसेल. त्याने नवऱ्याच्या तोंडाकडे नीट बघितलं. "इधर नहीं रुकना. बहुत खतरा," तो म्हणाला. "आगे पेट्रोल पंप है, नज़दीक. स्लो-स्लो चलो, मैं पीछे है. यल्ला."

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी मागे बसले. दुसरा इलाजच नव्हता. शोल्डरच्या कडेकडेने आम्ही निघालो, सायकलच्या वेगाने, आणि मागे निळे-लाल दिवे लावून पोलिसांची गाडी. ट्रक आपोआप लांबून जाऊ लागले. पंपावर पोचल्यावर त्या अधिकाऱ्याने काच खाली करून अंगठा दाखवला आणि निघून गेला. आम्हाला शुक्रियासुद्धा नीट म्हणता आलं नाही.

पंपाच्या कॅफेटेरियातून मी दोन करक, म्हणजे इथले कडक दुधाळ चहा आणले. नवऱ्याने तोवर रिकव्हरीच्या ट्रकला फोन केला होता. "येतोय," तो म्हणाला. "गाडी ट्रकवर घालू. आपण टॅक्सी करू. आणि मग विकून टाकू."

"बरं," मी म्हणाले.

आम्ही कट्ट्यावर बसलो. चहा अर्धा झाल्यावर तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "त्या दिवशी तू ओरडली नाहीस."

"कधी?"

"पडल्यावर. मी उठलो तेव्हा गाडी तुझ्यावर होती आणि तुझा आवाज नाही. मी हाका मारत होतो. तू काहीच बोलली नाहीस. मला वाटलं तू गेलीस." त्याने कप खाली ठेवला. "आता गाडीवर बसलो की मागे सगळं शांत असतं. मला तेच ऐकू येतं."

मला आठवत होतं फक्त हे, की छातीतून श्वासच बाहेर पडत नव्हता. त्याच्या हाका मला ऐकू आल्या होत्या. हे एवढ्या महिन्यांत आम्ही बोललोच नव्हतो. माझ्या पायाबद्दल बोललो, इन्शुरन्सबद्दल बोललो, माझ्या ऑफिसबद्दल बोललो. मी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

तेवढ्यात रिकव्हरीवाल्याचा फोन आला. तो दुसऱ्या कामात अडकला होता. "दो घंटा, भाई, इन्शाल्ला."

दोन तास म्हणजे ऊन डोक्यावर. आत्ताच सावलीबाहेर पाऊल टाकलं की चटका बसत होता. ऑक्टोबर असला तरी इथे सकाळ फार लवकर संपते. पंपावरच्या माणसाला टॅक्सीबद्दल विचारलं तर त्याने नुसती नकारार्थी मान हलवली.

"चल, गाडीनेच घरी जाऊ," मी म्हणाले. "मी बोलत राहते. सगळ्या रस्त्याने. माझा आवाज बंद पडला तर थांब."

"ऐकू येणार आहे का?"

"ओरडेन."

आणि मी ओरडत राहिले. काय बोलावं ते कळेना म्हणून रस्त्यावरच्या पाट्या वाचायला लागले, मग ट्रकांवरची नावं, मग घरात काय-काय आणायचंय ते: पोहे, कोथिंबीर, मुलीचा चार्जर. वाऱ्यात त्यातलं निम्मंही त्याला पोचलं नसेल. घसा सुकला, खोकला आला, की त्याचं हेल्मेट लगेच किंचित मागे वळे, आणि मी घाईघाईने पुढची पाटी वाचायला घेई. वाळूचा एक पट्टा आडवा आला तेव्हा माझा आवाज चिरका झाला, पण मी थांबले नाही. त्याने गाडी सरळ ठेवली, ब्रेकला हात लावला नाही, आणि आम्ही त्यावरून पार झालो.

बेसमेंटमध्ये शिरलो तर आमच्या जागेवर मुलगी उभी होती. रात्रीच्या कपड्यांत, पायात नुसत्या चपला, हातात फोन. घरातल्या तिघांचे फोन एकमेकांना जोडलेले आहेत, कोण कुठे आहे ते नकाशावर दिसतं. तिने उठल्या-उठल्या बघितलं होतं. आमचा ठिपका हायवेवर थांबलेला. किती वेळ थांबलेला. तिने फोन लावले होते. माझा फोन जॅकेटच्या आत होता, आणि पंपावर फोन काढूनही नवऱ्याने तिचे मिस्ड कॉल बघितलेच नव्हते.

"यू स्टॉप्ड," ती म्हणाली. "ऑन द हायवे. आय थॉट..." मग रडत-रडत, कितीतरी दिवसांनी, मराठीत म्हणाली, "मला का नाही सांगितलं? मला कोणी काहीच सांगत नाही. तेव्हाही नाही सांगितलं. अपघाताचंसुद्धा मावशीने सांगितलं मला."

नवरा हेल्मेटसकट तिच्याकडे गेला. मला पाय आखडल्यामुळे गाडीवरून उतरता येत नव्हतं. मी तशीच वर बसून दोघांकडे बघत राहिले. नंतर दोघांनी मिळून मला खाली उतरवलं.

गाडी विकली नाही. पुढच्या शनिवारी तो एकटा गेला, त्याच पंपापर्यंत, आणि तिथून दोघींना वेगवेगळा फोन केला. हळूहळू तो लांब जाऊ लागला. जानेवारीत दाट धुकं पडायचं त्या दिवसांत त्याने गाडी हलवली नाही, आणि ते कारण खरं होतं हे मला न विचारताच कळलं. मी मधूनमधून जाते. राउंडअबाउट आला की डोळे घट्ट मिटते. ती सवय अजून गेलेली नाही आणि जाईल असं वाटतही नाही. मुलगी मात्र कधी बसलेली नाही. तिला कोणी आग्रहही करत नाही.