बिननावाची हाळी

वेल्ह्याच्या वर, तोरण्याच्या उतारावर धनगरांची पाच-सहा घरं आहेत. त्यातल्या शेवटच्या घरातल्या बयाबाईचा आवाज मोठा दांडगा. ती नवी नवरी होती तेव्हा सासूनं कानांवर हात ठेवले होते म्हणे. पण पुढं त्या आवाजावाचून घराचं पान हलेना. पावसाळ्यात धुकं उतरलं की समोरचं माणूस दिसत नाही, आणि तिचा नवरा भीमा शेरडं घेऊन माळावरून परतायचा तो तिच्या हाळीवर. ती ओट्यावर उभी राहून ओरडायची, "आवंऽऽ, यावाऽऽ, दिवा लागलाऽऽ!" वरून भीमाचा "ओऽऽ" यायचा आणि आवाजाच्या रोखानं तो उतरायचा. हाळीत नाव नसायचंच. नवऱ्याचं नाव तिनं आयुष्यात एकदाच, उखाण्यात घेतलं होतं, तेही बायकांनी दारात अडवून धरलं म्हणून.

अलीकडं भीमाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तसा त्याचा सगळा भरवसा ह्या हाळीवर आला. दिवाळीनंतर ऑपरेशन करायचं ठरलं होतं. तोवर घरी बस म्हटलं तर ऐकेल तो भीमा कसला!

गेल्या साली सिनेमावाले आले. माणसं तशी भली, चुलीजवळ बसून चहा प्यायली. संध्याकाळी बयाबाईची हाळी ऐकली आणि त्यांचा दिग्दर्शक कपबशी ठेवून उठलाच. "मावशी, पुन्हा एकदा." तिनं पुन्हा दिली. "अजून एकदा." तिला हसू आवरेना. वर भीमा दर वेळी इमानानं ओ देत होता. शेवटी वैतागून ओरडला, "आरं, आलो म्हनलं न्हवं!"

सिनेमा भुताचा होता. यंदा पावसाळ्यात त्याचा ट्रेलर आला. रेंज यायची त्या खडकावर बसून सुनेनं, मोहिनीनं, तो मोबाईलवर दाखवला. आधी नुसतं धुकं. मग एका शेरडाच्या गळ्यातली घंटी वाजते आणि मध्येच थांबते. मग सगळा काळोख, आणि त्या काळोखातून बयाबाईची हाळी, जरा लांबवलेली, जरा घोगरी केलेली. एक पोरगी मान वळवते, तिचे डोळे मोठे होतात, आणि संपलं.

"भूत कुठाय गं?" बयाबाईनं विचारलं.

"ते दाखवत न्हाईत, आत्या. हितंच दाखवलं तर तिकीट काढून कोन जाईल? हाक कोन मारतंय, कुनाला मारतंय, कायबी कळू देत न्हाईत. नावच न्हाई ना त्यात. बगनाऱ्याला वाटतं, मलाच बोलावती."

"अन् ह्यांचा ओ?"

"कापला. ओ आल्यावर भ्या कसलं?"

बयाबाईला फार वाईट वाटलं. दिवा लावून माणसाला घरी बोलवायचं, त्यात भिण्यासारखं काय होतं? पण खरं सांगायचं तर तिच्याही अंगावर काटा आला होता.

मग सुट्टीच्या दिवशी पुण्याच्या गाड्या येऊ लागल्या. पोरं खालच्या रस्त्यावर धुक्यात उभी राहून गाडीच्या स्पीकरवर ती हाळी लावायची, किंचाळायची, रील काढायची. एका संध्याकाळी भीमा त्या आवाजावर चालत थेट रस्त्यावर गेला. त्याला धुक्यातून घोंगडी पांघरून येताना बघून पोरं पळाली. ठेच लागून लंगडत घरी आला तो तणतणतच.

"तुजा आवाज आता कुनाच्याबी गाडीत असतोय. म्या वळकू कसा?"

मोहिनी म्हणाली, "आत्या, नाव घिऊन हाळी द्या. त्यांच्या मोबाईलात नाव न्हाई."

"ह्या वयात? वस्ती हसंल मला!"

भीमाचा राग कुठल्या कुठं गेला. "घी की. म्या न्हाई कुनाला सांगत," असं म्हणून तो गालातल्या गालात हसला. बयाबाई लाजून चुलीकडं वळली. विषय तिथंच राहिला.

भादव्यातला रविवार होता. दुपारपासून धुकं आणि खाली गाड्या. दिवेलागणीला तिनं हाळी दिली. ओ आला नाही. पुन्हा दिली. खालून कोणीतरी किंचाळलं आणि हसण्याचा आवाज आला. नाव तिच्या ओठांशी आलं होतं. पण शेजारच्या अंगणात पुरुषमाणसं उभी होती. तिनं परत तीच हाळी दिली, नुसती जास्त मोठ्यानं. थोड्या वेळानं शेरडं आपली आपण आली. भीमा आला नाही.

वस्तीनं बॅटऱ्या घेऊन माळ पालथा घातला. भीमा सापडला तो उजाडल्यावर, पलीकडच्या ओघळीत, भिजून गारठलेला, मांडी मोडलेली. घोंगडीची झोळी करून त्याला खाली आणला आणि दवाखान्यात न्यायला जीपमध्ये घातला. बयाबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तो शुद्धीवर होता.

"तुजी हाळी आली व्हती," तो म्हणाला. "म्या म्हनलं, गाडीवाली पोरंच. म्हून उलट्या अंगाला ग्येलो."

त्यात तक्रार नव्हती. तो आपला झालं ते सांगत होता, आणि तेच तिला सोसेना. पोरांना शिव्या घालाव्यात, सिनेमावाल्यांना घालाव्यात, असं तिला वाटलं; पण शेजारच्या अंगणातली ती माणसंच तिच्या डोळ्यांपुढं येत राहिली. त्यांना भिऊन तिनं नाव घेतलं नव्हतं.

वेल्ह्याच्या अलीकडंच भीमाचे डोळे मिटले. जीपमध्ये मोहिनी होती, ड्रायव्हर होता, वस्तीतली दोन माणसं होती. बयाबाईनं सगळ्यांदेखत त्याच्या कानाशी तोंड नेलं. "भीमा," ती म्हणाली. मग मोठ्यानं, माळावर पोचेल अशा आवाजात, "भीमाऽऽ!" ती हाका मारत राहिली. त्या दोघांतल्या म्हाताऱ्यानं भीमाच्या नाकाशी बोटं धरून पाहिली आणि ड्रायव्हरला म्हणाला, "हळू घी आता गाडी."