मोसमीबाईंची विहीण

मोसमीबाई कोणालाही आडनाव विचारत नसत. "गावाला पाऊस किती?" एवढंच विचारत आणि बाकीचं स्वतःच सांगून टाकत. नायगावच्या आमच्या मजल्यावर माण तालुक्यातलं एक बिऱ्हाड आलं, तेव्हा बाईंनी त्यांना चहासुद्धा घेऊ दिला नाही. "पाऊस नाही म्हणजे ज्वारी, शेळ्या, आणि घरातला एक तरी माणूस पोलिसात." पोलीसच होते ते. चहा गार होईपर्यंत बाईंकडे बघत राहिले बिचारे.

बाईंचं खरं नाव शाळेच्या पगारपत्रकातच काय ते असेल. भूगोल शिकवताना जगातल्या प्रत्येक गोष्टीचं खापर त्या मोसमी वाऱ्यांवर फोडत, म्हणून हे नाव. नकाशावरच्या नावांवर पट्टी ठेवून त्या म्हणत, "नावं झाका आणि सांगा, इथली माणसं खातात काय आणि करतात काय." मग कळायचं, की बंगाल इकडचा असो वा तिकडचा, नदी एकच, म्हणून भात, मासे आणि पूरही तेच. नेपाळात काय, गढवालात काय, उतारावर शेती पिकत नाही, म्हणून पोरगे फौजेत. आणि कोकण नि लंका? तर पावसात दोन्हीकडच्या होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या आणि मुलं आखातात. आम्ही पाठ करायचो. बाई मात्र हे सगळं मनापासून मानत, असं आम्हांला वाटायचं.

ते खोटं ठरवलं त्यांच्या मिलिंदने. एकुलता एक, दुबईला नोकरीला. त्याने तिथेच नोकरी करणाऱ्या दिलिनीशी लग्न ठरवलं. मुलगी लंकेची, मातारा गावची. बाईंनी मासे आणणं बंद केलं. आमच्या मालवणी बाईंचं हे उपोषण म्हणजे प्रकरण गंभीरच.

मी शेजारीण आणि जुनी विद्यार्थिनी, म्हणून समजूत काढायला गेले. म्हटलं, "बाई, तुम्हीच तर शिकवलंत, शेजारची माणसं आपल्यासारखीच असतात."

"ता परीक्षेपुरता होता गो," बाई म्हणाल्या. "शेजाऱ्याकडून विरजण आणावं. सून कशाला?"

हे बोलताना आवाज मात्र कापरा होता. नवरा जाऊन वर्षं झाली होती, आणि हल्ली मिलिंदचे फोनही कमी झाले होते. मुलगा कायमचा दुरावेल, ही भीती मला दिसत होती. बाईंना ती कबूल करायची नव्हती.

शेवटी मिलिंदने दोन्ही आयांना व्हिडिओ कॉलवर समोरासमोर बसवलं. बाईंचा फोन धड चालत नसे, म्हणून माझ्या फोनवर. दिलिनी आईचं बोलणं इंग्रजीत सांगायची, मिलिंद मराठीत. बाई नकाराची तयारी करूनच बसल्या होत्या, पण दिलिनीच्या आईनेच आधी नकार दिला. एकुलती एक मुलगी, आधीच लांब. मी आजारी पडले तर कोण येणार? गल्लीतले काय म्हणतील? शिवाय भारतातल्या सासवा फार छळतात, हे त्यांनी आपल्याच मालिकांत पाहिलं होतं.

"विचार तिला," बाई ताडकन म्हणाल्या, "माझ्या मुलात खोट काय आहे?"

बाई लग्नाच्या बाजूला गेल्या त्या अशा रागारागात. मग दोघींनी पत्रिका मागितल्या आणि आधी कोणी दाखवायची यावरून वाद घातला. दोघी दमल्यावर बाईंनी सवयीने विचारलं, "तुमच्याकडे पाऊस कधी?" उत्तर आलं. पावसात समुद्र खवळला की होडी वर, महिनोन्महिने कमाई नाही, जमीन थोडी. म्हणून आधी दिलिनीचा मामा आखातात गेला, मग दिलिनी.

फोन ठेवल्यावर बाई म्हणाल्या, "नाव झाकलं असतं, तर मी म्हटलं असतं ही मालवणची. अशीच माझ्यासारखी एकटी बसली असेल." आणि त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर रडल्या.

लग्न झालं. मुलं राहिली दुबईलाच, आणि दोन विहिणी आल्या एकमेकींच्या वाट्याला. एकीला मराठी येईना, दुसरीला सिंहली. मग दर रविवारी सकाळी मासा आणला की आधी माझ्या फोनवरून एकमेकींना दाखवायचा. कल्ला उघडून कॅमेऱ्यासमोर धरायचा, लाल आहे ना ते बघायचं. पुढे कालवणात हिचं आमसूल, तिचं काळंभोर गोरका. "आमसुलाची चुलतबहीण," बाई मला सांगत.

गेल्या थंडीत बाई गेल्या. मिलिंद आणि दिलिनी आले, सगळं यथासांग करून परत गेले. नंतरच्या एका रविवारी माझा फोन वाजला. विहीणबाई होत्या. हातात मासा, कल्ला उघडलेला. माझ्या फ्रिजमध्ये घरपोच आलेले, साफ केलेले तुकडे होते. दाखवणार काय? मला बाईंची फार आठवण आली.

पुढच्या रविवारी दादरच्या बाजारात गेले. कोळीणमावशीने बांगड्यांवर कोयता उचलला, तशी मी म्हटलं, "डोकी काढू नकोस गो. घरी दाखवायचेत."