पट्टी बांधलेला प्रोफेसर

प्रोफेसर ही पदवी त्याला छापखान्याने दिली. कॉलेजात तो दुसऱ्या वर्षापुढे सरकला नव्हता, पण पहिल्या जाहिरातीत नावाआधी जागा उरली, छापणारा म्हणाला, "काहीतरी भारदस्त टाकू या," आणि टाकलं. पुढे बायकोही चारचौघांत त्याला प्रोफेसरच म्हणू लागली.

त्याचा खेळ मन वाचण्याचा. डोळ्यांवर कापसाच्या जाड घड्या, वर काळी पट्टी, अशा थाटात तो स्टेजवर खुर्चीत बसायचा. बायको प्रेक्षकांत उतरायची, कुणाची तरी वस्तू हातात घ्यायची आणि विचारायची. तो कपाळाला दोन बोटं लावून, जरासा कण्हून वस्तू ओळखायचा. कण्हण्याची काही गरज नव्हती. पण लोकांना ते आवडायचं, आणि त्याला तर फारच.

मन कसलं वाचतोय! सगळी करामत प्रश्नात होती. तिने "सांगा पाहू" म्हटलं की घड्याळ, "लवकर"ने सुरुवात केली की किल्ली, "बरं, हे?" म्हणजे चष्मा. अशा ढीगभर खुणा, आणि सगळ्या तिने बसवलेल्या. लग्नाआधी ती टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. शब्द कसा टाकायचा हे तिला शिकवावं लागलं नाही. डोकं तिचं, आवाज तिचा, टाळ्या त्याला. त्याने कधी आभार मानले नाहीत. तिनेही ते मागितले नाहीत, हा तिचा वेडेपणा.

असा संसार चांगला चालला होता, आणि चुका सुरू झाल्या. तिच्या हातात पेन, तोंडी शब्द चष्म्याचे. हा ठसक्यात म्हणाला, "चष्मा!" मागून कुणीतरी ओरडलं, "प्रोफेसर, तुम्हालाच लागलाय!" सभागृह खदाखदा हसलं.

आत आल्यावर तो तिच्यावर उखडला. "लक्ष कुठं होतं तुझं?"

"मी बरोबरच विचारलं," ती म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती. चुकीपेक्षा त्याला भीती वाटली ती याची.

मुलीला घरात दिसतच होतं. "बाबा, आईला डॉक्टरकडे न्या."

"दमली आहे गं. दौरे काय कमी झाले?"

"दमलेलं माणूस झोपतं, बाबा. रिकामं पातेलं गॅसवर ठेवून देत नाही."

तो उठून गॅलरीत गेला. डॉक्टर काय म्हणतील याचा त्याला अंदाज होता. त्यानंतर तिला खेळात कोण उभं करणार? घरी शब्दांसाठी चाचपडणारी ती दिव्यांच्या उजेडात आली की अजून ताठ व्हायची. ते तिच्याकडून काढून घ्यायला त्याचं मन धजेना. आणि ती नसली तर आपण कोण, हाही प्रश्न होताच.

मग त्याने आयुष्यात कधी केली नव्हती ती गोष्ट केली. कापसाच्या घड्या पातळ केल्या. मान किंचित वर केली की नाकाशेजारच्या फटीतून पुढच्या रांगा दिसायच्या. "गुडघे दुखतात ना तुझे, पुढेच फिर," त्याने तिला सांगितलं. आता तिने काहीही विचारावं, उत्तर बरोबर यायचं. टाळ्या परतल्या. स्वारी स्वतःवर खूश होती. नवऱ्यांना असल्या परोपकाराचं भारी कौतुक. बायकोला विचारायचं तेवढं राहून जातं.

एका प्रयोगात तिने छत्री उचलली आणि शब्द किल्लीचे टाकले. टाकताक्षणी तिला चूक कळली. ती सावरायच्या आत तो म्हणाला, "छत्री!"

दुसऱ्या दिवशी त्याच्या काळ्या कोटाला इस्त्री करताना तिने विषय काढला. "अहो, काल मी चुकले. किल्ली विचारली मी."

"छत्रीच होती ना पण?"

"होती. ते तुम्हाला कसं कळलं?"

त्याने उगाच पेपर उघडला.

"कधीपासून बघताय?"

"तुला वाईट वाटू नये म्हणून…"

"वाईट मला रोज वाटतं. शब्द निसटतात ते कळतं मला. नेहमी नाही, पण कळतं. तिथं एक माणूस माझा शब्द न् शब्द ऐकतोय, एवढंच उरलं होतं. आणि तुम्ही तर ऐकतच नव्हता!"

इस्त्री एकाच बाहीवर फिरत राहिली. शेवटी त्याने बटण बंद केलं.

"डॉक्टरकडे जाऊ या," तो म्हणाला.

"जाऊ. आधी आजचा प्रयोग. आणि पट्टी मी बांधणार."

तिने कापूस असा ठासला की उजेडाचा ठिपकाही उरला नाही. पहिली काही उत्तरं बरोबर आली. मग तिने विचारलं. शब्द कंगव्याचे होते. पण पुढच्या रांगेत एक बाई हसून कुजबुजली, "भर उन्हाळ्यात लोकरीचं!" आणि वस्तू दुसरीच आहे हे त्याला समजलं. "लहरी अंधूक येताहेत" म्हणून वेळ मारून नेता आली असती. असल्या थापा त्याच्याकडे पोत्याने होत्या. ती उत्तरासाठी थांबली होती.

"कंगवा," तो म्हणाला.

हशाचा स्फोट झाला. "प्रोफेसर नापास!" आणि त्या गदारोळात तिचा खणखणीत आवाज आला, "बरोबर!"

तिला खरंच तसं वाटलं, की आपलं ऐकलं म्हणून ती म्हणाली, हे त्याला उमगलं नाही. पट्टी ओढून काढत तो पायऱ्या उतरला. तिच्या हातात कुणाचा तरी मफलर होता. तो त्याने ज्याचा त्याला दिला, तिचा दंड धरला आणि लोक हसत असतानाच मधल्या वाटेने तिला बाहेर नेलं. मुलगी दाराशी उभी होती.

"उद्याची वेळ घे डॉक्टरांची," तो म्हणाला.