न भांडणारं रक्त

नरसव्वा हात पुढे करायची, पण सुई टोचू द्यायची नाही. आधी रक्त काढणाऱ्या मुलीला विचारायची, "जेवलीस का?" मुलगी नाही म्हणाली की हात परत पदराखाली. "उपाशी मानसाचा हात थरथरतोय बाई. आदी खा, मग टोच." मग तिच्या पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी बाहेर यायची. रक्त देणाऱ्यांनी खाऊन यावं, अशी पाटी आम्ही भिंतीवर लावली होती. रक्त घेणाऱ्यांनीही खावं, हा नियम तिचा.

सोलापुरातली आमची प्रयोगशाळा अवयव-प्रत्यारोपणावर संशोधन करते. एकाची किडनी दुसऱ्याला बसवायची, तर घेणाऱ्याचं रक्त तिच्यावर तुटून पडेल का, हे आधी पाहावं लागतं. ही तपासणी सुधारण्यासाठी धडधाकट माणसांचं रक्त हवं असतं. त्यातही पुष्कळ मुलं झालेल्या बायका आम्हाला विशेष हव्या होत्या. पोटातल्या मुलात बापाकडून जे आलेलं असतं, त्याच्याशी लढायला आईचं रक्त कधीकधी शिकतं आणि पुढे वर्षानुवर्षं ते विसरत नाही. असं रक्त आमच्या कामाचं.

पूर्व भागातल्या विड्या वळणाऱ्या बायकांना जमवून मी हे समजावत होते, तेव्हा मागून आवाज आला.

"मंजी माजं रक्त नवऱ्याशी भांडतंय? त्याला मशीन कशाला? शेजारनीला इचारा की!"

बायका हसून लोळल्या. ती नरसव्वा. मी विचारलं, "मुलं किती तुम्हाला?"

"सात."

"वा!" माझ्या तोंडून निघून गेलं.

हसता हसता ती पुढे येऊन बसली. सात मुलांवरून तिला आजवर सगळ्यांनी ऐकवलं होतं. दवाखान्यातल्या नर्सने, शेजाऱ्यांनी, आता शिकलेल्या सुनेनेही. 'वा' कुणी म्हटलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचं कुलूप उघडायच्या आधी ती पायरीवर हजर होती. गल्लीत तिने सांगून टाकलं होतं, की तिच्या सात बाळंतपणांची सरकारला गरज पडली आहे. आमचा सरकारशी काही संबंध नाही, हे सांगून मी थकले.

तिचं रक्त तपासायला नवऱ्याचंही थोडं रक्त हवं होतं. मल्लेशम यंत्रमागावर टॉवेल विणून म्हातारा झालेला, पण सुई पाहून दारातच थबकला.

"सात बाळंतपनं मी केली. तुमाला एक सुई जमंना व्हय?"

"हितं एसी लई हाय. थंडी वाजतीया."

"बसा ओ गुमान!"

तो बसला. सुई शिरताना त्याने डोळे मिटून विणकरांच्या देवाचा, मार्कंडेयाचा धावा केला. तोवर नरसव्वा सगळ्यांना भाकरी वाटत होती.

आमची तपासणी सोपी आहे. बाईच्या रक्तातलं पिवळसर पाणी नवऱ्याच्या रक्तातल्या पेशींवर घालायचं आणि वरून रंग टाकायचा. भांडण झालं, तर मेलेल्या पेशी रंग पितात. झालं नाही, तर जिवंत पेशी सूक्ष्मदर्शकाखाली स्वच्छ चमकत राहतात. मल्लेशमच्या सगळ्या चमकत होत्या. पुन्हा लावून पाहिलं, तेच. दुसऱ्या माणसांच्या पेशींवर घातलं, तरी तेच.

मला गोष्टी गुंडाळून सांगता येत नाहीत. दोघांना बोलावलं आणि म्हटलं, "नरसव्वा, तुमचं रक्त भांडत नाही."

"कायच न्हाय? सात पोरं होऊन?"

मल्लेशमला हसू आवरेना. "मी म्हनत होतो की! तोंड तेवडं वाईट, आतून गरीब हाय."

"गप बसा ओ." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "ह्यो माज्या आईचा धाकटा भाऊच की. घरातल्या घरात रक्त भांडंल कशाला?"

मी अकलूजची. इथल्या तेलुगू विणकर घरांत भाचीचं लग्न मामाशी होतं, हे ऐकून होते, पण ते विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. कारण तेच असेल असंही नाही. सात मुलं होऊनही एखादीचं रक्त कधी शिकतच नाही.

नरसव्वाला कारणाशी देणंघेणं नव्हतं. तिने भाकरीची पिशवी न उघडताच काखेत मारली. "मंजी आता मी येऊ नको. गल्लीत काय सांगू?"

"बसा," मी म्हटलं. "भांडणारी रक्तं मला मिळतात. पण दर वेळी एक असं लागतं, जे भांडत नाही याची आपल्याला खात्री आहे. ते पहिलं लावायचं. तिथेच पेशी मेलेल्या दिसल्या, तर रंग बिघडला किंवा आमचा हात चुकला. मग त्या दिवसाचं सगळं काम फेकून द्यायचं."

तिने विचार केला. "मंजी बाकीच्या भांडनार, आनि मी पंच?"

"पंच."

पिशवी उघडली गेली. "जेवलीस का?" तिने सुईवाल्या मुलीला विचारलं.

त्यानंतर ती दर बोलावण्याला आली. गल्लीतल्या बायकांनाही घेऊन आली. त्यांच्यासमोर खुर्चीत अशी बसायची, जणू निवाडाच द्यायचा आहे.

गेल्या उन्हाळ्यात ती गेली. मल्लेशम स्वतः सांगायला आला. मी खुर्ची दिली, पण बसायच्या आधी त्याने मला विचारलं, "मॅडम, जेवलात का?" मी जेवले नव्हते. डबा काढला, आम्ही दोघांनी खाल्ला.

तिच्या रक्ताच्या छोट्या नळ्या अजून आमच्या फ्रीजरमध्ये आहेत. नवीन माणूस कामावर आला, की मी पहिल्याच दिवशी त्यातली एक दाखवते आणि सांगते: ही आधी लावायची. हिच्यात भांडण दिसलं, तर चूक आपली. जेवून या आणि पुन्हा लावा.