न कापलेली पानं

भानामती, अंगात येणं... असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता. पुढं वर्तमानपत्रात नोकरी करताना तर दोन ठिकाणांहून खात्री झाल्याशिवाय ओळ न लिहिण्याची सवय लागली. ही गोष्ट मात्र मी स्वतः पाहिली आहे.

ठिकाण – जिंतूर तालुक्यातलं बोरी, आमच्या घराची ओसरी. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. उन्हाळ्यात दुपारी गल्लीतल्या बायका आमच्याकडे शेवया करायला जमत. एकीनं पुस्तक वाचायचं, तिच्या वाटणीच्या शेवया बाकीच्यांनी करायच्या, असा रिवाज होता. त्या वर्षी वाचणारी मी. भिजवलेल्या पिठाचा वास, पाटावरून उतरणाऱ्या बारीक तारा, मध्येच कुणीतरी "थांब गं, तेवढं परत वाच" म्हणायचं... तशा दुपारी आता गावातही होत नाहीत.

पुस्तक म्हणजे वाचनालयातली एक जुनी कादंबरी. नवरा गेल्यावर एकटीनं शेत करणारी बाई. आधी गाव तिला भिववतं, मग हळूहळू गावच तिला भिऊ लागतं. शेवटच्या भागातल्या पानांच्या कडा छापखान्यात कापायच्याच राहिल्या होत्या. पानं एकमेकांना जोडलेली, म्हणजे ती आजवर कुणीच उघडली नव्हती. तिथवर पोचलो की विळीनं कापू, असं आई म्हणाली होती.

ऐकणाऱ्यांत शेजारच्या सुनंदावैनी असायच्या. नवरा जाऊन वर्ष झालेलं. शाळा त्यांनी पाहिलेली नव्हती. नवऱ्याचं तीन एकर शेत दिराच्या नावे करून द्यायच्या कागदावर त्यांचा अंगठा हवा होता, आणि दिरापुढं त्यांचं तोंड उघडत नसे. आई म्हणायची, "तुला तर मांजर बी दटावंल."

एका दुपारी दीर कागद आणि शाईचा पॅड घेऊन थेट ओसरीवर आला. मी वाचणं थांबवलं. वैनी उठल्या, हात पिठाचेच. आणि शांतपणे, आमच्या बोलीत नव्हे, छापील मराठीत म्हणाल्या –

"माझ्या बांधावर पाय ठेवण्याआधी मला विचारायचं. मी बारा वर्षं भ्याले. आता पाळी तुमची आहे."

वैनींच्या लग्नाला तेव्हा सहा वर्षंही झाली नव्हती.

दीर मागं सरकला. "वैनी, काय बोलायलाव तुमी?" एवढंच म्हणाला आणि कागद घडी करून निघून गेला. तो कागद त्यानं पुन्हा आणला नाही.

तिसऱ्या दिवशी आईनं विळीनं पानं कापली. मी वाचू लागले आणि दुसऱ्याच पानावर अडले. कादंबरीतली बाई गावासमोर उभी राहून तीच तीन वाक्यं बोलत होती... बारा वर्षांसकट. पाटावरचे सगळे हात थांबले.

नंतर मी तपासलं. आधीच्या पानांत ही वाक्यं नाहीत. वाचनालयात ती एकच प्रत होती. वैनींना दुसरं कुणी सांगितलं असेल, ही शक्यता उरते. पण ती कादंबरी त्याआधी वाचलेलं माणूस बोरीत मला आजवर भेटलं नाही.

गेल्या दिवाळीत गावी गेले तेव्हा वैनी त्याच शेतात कापूस वेचत होत्या. विचारलं, ते शब्द कुठून आले होते? शब्द आठवत नाहीत म्हणाल्या. मग हातातला कापूस ओटीत टाकत म्हणाल्या, "मला कुनी सांगितलं, हे इचारायलीस. त्या पुस्तकातल्या बाईला कुनी सांगितलं व्हतं?"